गावातल्या संडासाच्या टाक्या : वित्त आयोगाचा बंधित निधी कशावर खर्च करावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. गावाची लोकसंख्या साधारण १,९०० आणि घरे ४१२. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के निधी बंधित असतो. त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी खर्च करावा लागतो. यातली काही रक्कम आमच्याकडे शिल्लक आहे आणि ती संडासांच्या टाक्यांवर खर्च करावी, इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले आहे. त्यापुढे मात्र गावात दोन तट पडले आहेत.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे दोन सदस्य, ग्रामसेवक आणि शाळेतले एक गुरुजी, वहीपेन घेऊन घरोघर फिरलो. २६० घरांत सेप्टिक टाकी आहे, ९४ घरांत शोषखड्ड्याचा संडास आहे आणि उरलेली ५८ घरे भावकीचा सामाईक किंवा पडका संडास वापरतात. आम्हाला धक्का बसला तो पुढच्या आकड्याने. २६० टाक्यांपैकी फक्त ३१ टाक्यांच्या पुढे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, आहे. बाकी सगळ्यांचा पाइप थेट उघड्या गटारात सोडलेला आहे. गटार ओढ्याला मिळते, आणि ओढा जिथे नदीला मिळतो तिथून खाली फर्लांगभरावर आमच्याच नळपाणी योजनेची जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उपसण्याची विहीर, आहे.

काही सदस्यांचे म्हणणे आहे की ट्रॅक्टरवर चालणारी उपसा टाकी घ्यावी, म्हणजे लोकांना खाजगी गाडीवाल्याची मनधरणी करावी लागणार नाही. इतरांचे म्हणणे आहे की प्रत्येक घराला शोषखड्ड्यासाठी मदत द्यावी. आपल्यापैकी कोणाच्या गावात असे काम झाले असेल तर काय टिकले आणि काय वाया गेले, ते कृपया सविस्तर सांगावे. ग्रामसभा तीन आठवड्यांवर आहे.

गोदातीर

आमच्या नांदेड जिल्ह्यात गावेच्या गावे मॅजिक पिटने बदलली. घरापुढे चार बाय चार फुटांचा खड्डा घ्यायचा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची, भोवती दगडगोटे भरायचे आणि सांडपाणी त्यात सोडायचे. काम रोजगार हमीतून झाले, त्यामुळे मजुरीही गावातच राहिली. गटारे कोरडी पडली आणि डास इतके कमी झाले की पाहुणे येऊन विचारू लागले. तुम्ही डोळे झाकून हेच करावे. गाडीबिडीच्या नादी लागू नये.

ओळंबा

गोदातीर यांनी सांगितलेले काम मी स्वतः पाहिले आहे आणि ते उत्तमच आहे, पण इथे एक गल्लत होत आहे आणि ती आताच दूर व्हायला हवी. मॅजिक पिट न्हाणीघराच्या आणि मोरीच्या पाण्यासाठी आहे. संडासाच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी हा वेगळा विषय आहे. ते दिसायला पाण्यासारखेच असते, पण त्यात जंतू भरपूर असतात, त्यामुळे त्याचा शोषखड्डा विहिरीपासून आणि हापशापासून लांब घ्यावा लागतो. दोन्ही पाणी एकाच खड्ड्यात सोडले तर खड्डा लवकर तुंबतो आणि कशामुळे तुंबला हेही कळत नाही.

मी तीस वर्षे गवंडीकाम करतो. सेप्टिक टाकी म्हणून गावोगाव जे बांधले जाते, त्यातले निम्मे तरी मुळात सेप्टिक टाकी नसते. खऱ्या टाकीला तळ पक्का लागतो, मध्ये आडवी भिंत लागते, पहिला कप्पा लांबीच्या दोन तृतीयांश ठेवावा लागतो, आणि पाणी आत येताना व बाहेर जाताना टी आकाराचा पाइप लागतो, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही आतच राहतात. भारतीय मानक २४७० मध्ये हे सगळे दिलेले आहे. प्रत्यक्षात घरमालक म्हणतो, "मिस्त्री, मोठी करा, पुन्हा उघडायला नको." मग दहा बाय दहाचा हौद होतो, तळाला मुरूम तसाच राहतो आणि मधली भिंत खर्च वाचवायला गाळली जाते. "आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही" असे कोणी कौतुकाने सांगितले की मी त्यांना विचारतो, मग वीस वर्षांचे सगळे गेले कुठे? एक तर तळातून जमिनीत गेले, नाही तर पाइपातून गटारात गेले. तिसरी वाट नाही.

हिशेबी

मला मूळ प्रश्नाआधीचा प्रश्न पडतो. संडास घराचा, टाकी घराची, मग दुरुस्तीला सार्वजनिक पैसा का? स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपये प्रत्येकी दिले, त्यात केंद्राचे ७,२०० आणि राज्याचे ४,८०० होते. त्या वेळी ज्याने स्वतःच्या खर्चाने नीट संडास बांधला त्याला काही मिळाले नाही, आणि आता ज्याने पाइप गटारात सोडला त्याला पुन्हा मदत मिळणार. यातून प्रामाणिक माणसाने काय समजायचे?

जांभाकातळ

हिशेबी, तुमची तक्रार मला समजते, पण तिचे उत्तर माझ्या विहिरीत आहे. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे वर जांभा आणि खाली पाणी. पावसाळ्यात विहिरीचे पाणी काठाला हात लावते. शेजाऱ्याने घर वाढवले तेव्हा त्याच्या आवारात जागा उरली नाही, म्हणून त्याने टाकी गडग्याला लागून घेतली. आमची विहीर तिथून सोळा पावलांवर. टाकीचा तळ उघडा आहे हे आम्हाला तीन पावसाळ्यांनंतर कळले. माझ्या नातीला दोनदा कावीळ झाली तेव्हा आरोग्यसेविकेने पाणी तपासायला नेले आणि ते पिण्यास अयोग्य ठरले. टाकी त्याची, विहीर माझी, आणि खालच्या बाजूच्या आणखी चार घरांच्या विहिरींनाही तेच झरे. मग हा खर्च कोणाचा खाजगी म्हणायचा? जांभ्याला भेगा असतात, त्यांतून पाणी गाळले न जाताच पुढे सरकते. कोकणात टाकीचा तळ पक्का करायला दिलेला पैसा हा पाणीपुरवठ्यावरचा खर्च धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच मातीत कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाचे प्रयोग केले होते. मैला कोणाच्या डोक्यावर जाऊ नये आणि शेताला खत मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. इतक्या जवळ हे सगळे घडले आणि आम्ही त्यातून फार थोडे घेतले, याचे वाईट वाटते.

हिशेबी

जांभाकातळ, नातीची प्रकृती आता ठीक असावी अशी आशा आहे. विहिरीचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु मदत द्यायचीच असेल तर काम पूर्ण झाल्यावर, पाहणी करून द्यावी आणि घरमालकाचाही काही वाटा असावा, हा माझा आग्रह कायम आहे.

उंबरठा

मी अंगणवाडी सेविका आहे. या चर्चेत बाईचा विचार अजून आलेला नाही म्हणून लिहिते. टाकी भरत आली की घरात पहिली बंदी सुनेवर येते. "पाणी कमी ओता, टाकी भरेल", "दिवसा तेवढे शेतात जा" असे सांगितले जाते. माझ्याच वस्तीत दोन घरे अशी आहेत, जिथे संडास केवळ रात्री आणि पाहुण्यांसाठी उघडतो. एप्रिल २०१८ मध्ये सगळा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, आणि त्या घरांच्या दारावरही तसा शेरा रंगवलेला आहे.

दोन शोषखड्ड्यांच्या संडासाबद्दलही बोलायला हवे. कृष्णाकाठ, तुमच्या ९४ घरांत एकच खड्डा असलेली किती आहेत तेही मोजा. पाचसहा माणसांच्या घराला एक खड्डा साधारण पाच वर्षे पुरतो. तो भरला की चेंबरमध्ये एक तोंड बंद करून दुसरे उघडायचे. भरलेला खड्डा दोन वर्षे तसाच मिटून ठेवला की त्याचे वास नसलेले, मातीसारखे सोनखत होते. हे मी तोंडाने अनेकदा सांगितले आणि कोणाचाही विश्वास बसला नाही. शेवटी आमच्या स्वतःच्या घरचा खड्डा वस्तीतल्या बायकांसमोर उघडला. माझ्या सासूबाईंनी, ज्या आधी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या होत्या, मूठभर खत हातात घेऊन कुस्करले, वास घेतला आणि मग ते शेवग्याच्या आळ्यात टाकले. त्या दिवशी जे झाले ते शंभर भित्तिपत्रकांनी झाले नव्हते. त्यामुळे तुमच्या आराखड्यात अशा एकदोन प्रात्यक्षिकांसाठीही थोडे पैसे ठेवा.

गोदातीर

उंबरठाताई, शेवग्याचे पुढे काय झाले?

उंबरठा

गोदातीर, शेंगा भरपूर आल्या आणि ज्या बायका त्या दिवशी नाक धरून उभ्या होत्या त्याच मागायला आल्या.

चेसापीक

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली एकोणीस वर्षे अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो आणि आमच्या घरी सेप्टिक टाकी आहे. अमेरिकेत सगळीकडे मोठ्या गटारवाहिन्या असतील असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात साधारण पाच घरांमागे एक घर अशा टाकीवर अवलंबून आहे. चेसापीक उपसागरात नायट्रोजन साचून शेवाळ माजत होते आणि मासे व खेकडे कमी होत होते, म्हणून राज्याने २००४ मध्ये एक निधी उभारला. लोक त्याला सरळ फ्लश टॅक्स म्हणतात. तो गटारवाहिनीवरच्या घरांना आणि टाकीवाल्यांना, दोघांनाही भरावा लागतो. २०१२ पासून बहुतेक घरांना वर्षाला ६० डॉलर पडतात. त्यातूनच जुन्या टाकीच्या जागी नायट्रोजन निम्म्यापर्यंत कमी करणारी यंत्रणा बसवायला अनुदान मिळते, आणि भरतीच्या पाण्यापासून हजार फुटांच्या आतल्या घरांना आधी प्राधान्य असते.

मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सगळ्यांना एकदम थोडे थोडे देण्याऐवजी पाण्याजवळच्या घरांपासून सुरुवात केली. दुसरे म्हणजे यंत्रणा बसवून प्रकरण संपत नाही, प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडून दरवर्षी तिची तपासणी करून घ्यावीच लागते. आमच्याकडे येणारा तंत्रज्ञ झाकण उघडतो, पंखा तपासतो, नळीत पाणी घेऊन उजेडात धरतो आणि अहवाल पाठवतो. अर्थात इथेही कुरबुर आहेच. समुद्रापासून दूर राहणाऱ्या लोकांनी नव्या घराला महागडी यंत्रणा का, असा प्रश्न लावून धरला आणि २०१६ मध्ये त्यांच्या भागातली सक्ती शिथिल झाली.

घाटउतार

चेसापीक यांनी सांगितलेले महाराष्ट्रात अगदीच अपरिचित नाही, आणि कृष्णाकाठ यांच्या तर ते शेजारीच आहे. वाई नगरपालिकेने आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर नगरपालिकेने ठरावीक काळाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली आहे. टाकी तुंबली की बोंब मारायची, मग गाडी येणार, असे तिथे नाही. शहराचे भाग पाडले आहेत आणि प्रत्येक घराची पाळी साधारण तीन वर्षांनी येते. गाडी आल्यावर दारात पैसे मोजायचे नसतात, खर्च करातून भागतो. ठेकेदाराला त्याच्या कामाच्या प्रमाणात पैसे मिळतात. उपसलेला गाळ जातो तो मैलागाळ प्रक्रिया केंद्रात, आणि दोन्ही ठिकाणच्या केंद्रांची क्षमता दिवसाला ७०,००० लिटर आहे.

आता उपसा गाडीचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करून पाहू. २६० टाक्या, तीन वर्षांची पाळी, म्हणजे वर्षाला ८७ टाक्या. आठवड्याला दोनसुद्धा होत नाहीत. उरलेले पाच दिवस गाडी ग्रामपंचायतीच्या आवारात उभी राहणार, पंप गंजणार, आणि चालकाचा पगार मात्र बारा महिने द्यावा लागणार. त्यातून उपसलेला गाळ ओतणार कुठे, याचे उत्तर तुमच्या प्रस्तावात दिसत नाही. ते नसेल तर गाडी रात्री ओढ्यावरच रिकामी होते, आणि मग आज जे पाइपातून हळूहळू जाते ते तीन हजार लिटर एका दमात जाईल.

स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळासाठी दरडोई २३० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती जिल्हा पातळीवर एकत्र धरली जाते. कारण उघड आहे, प्रत्येक गावाने आपले केंद्र उभारणे परवडत नाही. जवळच्या शहराच्या केंद्रात गाळ स्वीकारला जातो का, हे आधी पाहावे आणि तसे नसेल तरच गावांचा गट करून नवे केंद्र विचारात घ्यावे, असाच त्यामागचा विचार आहे. सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला दरडोई २८० रुपये वेगळे आहेत, म्हणजे तुमच्या गावाला ५ लाख ३२ हजारांपर्यंत. यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असतो. तेव्हा मोरीचे पाणी या पैशातून आणि टाक्यांचे काम तुमच्या शिल्लक निधीतून, अशी विभागणी करता येते का, ते पंचायत समितीत विचारून घ्या.

हिशेबी

८७ टाक्यांचा हिशेब वाचून गाडीच्या बाजूने बोलण्यासारखे काही उरले नाही.

पहाटपाळी

मी हा धागा सुरुवातीपासून वाचत होतो. लिहावे की नाही हे ठरत नव्हते. माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. उपसा गाडीचा पाइप तळापर्यंत पोचत नाही, खालचा गाळ दगडासारखा बसलेला असतो, तेव्हा कोणीतरी म्हणते, "जरा आत उतरून हलवून घे." वडिलांचे दोन सोबती असेच एका टाकीत उतरले. पहिला वर आला नाही म्हणून दुसरा त्याला काढायला गेला. टाकीतल्या वायूचा वास सुरुवातीला येतो आणि मग नाकाला तो कळेनासाच होतो. माणसाला वाटते हवा मोकळी झाली, आणि तिथेच घात होतो.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने कोणत्याही व्यक्तीला, संस्थेला किंवा स्थानिक प्राधिकरणाला संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास मनाई आहे, आणि ग्रामपंचायत त्यातून सुटत नाही. मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण मी इथे भरपाईसाठी लिहीत नाही. ओळंबा म्हणाले तसे दहा बाय दहाचे हौद वीस वर्षे बंद ठेवले की त्यांतला गाळ यंत्राने निघत नाही, आणि मग माणूस उतरवला जातो. तीन वर्षांनी उपसलेली टाकी पंपाने मोकळी होते. म्हणून वेळच्या वेळी उपसा होणे हा माझ्या लेखी आधी जिवाचा प्रश्न आहे, मग पाण्याचा आणि पैशाचा. तुमच्या ठरावात एक वाक्य जरूर असू द्या : कोणत्याही कारणाने माणूस टाकीत उतरणार नाही, आणि जी टाकी यंत्राने उपसता येत नाही तिला उपशासाठी झाकण पाडून दिले जाईल.

उंबरठा

पहाटपाळीदादा, लिहिलेत हे फार चांगले केलेत. आमच्या ग्रामसभेत मी हे वाक्य जसेच्या तसे मांडणार आहे.

रेगूर

मी सोलापूर जिल्ह्यातला, भारी काळ्या मातीतला. शोषखड्डा हाच रामबाण असे इथे जवळजवळ ठरलेले दिसते, म्हणून सावध करतो. आमच्या गावात एका योजनेतून सगळ्या घरांना एकाच मापाचे शोषखड्डे दिले. मापे कोणीतरी कार्यालयात बसून ठरवली होती. उन्हाळ्यात काळी माती भेगाळलेली असते, त्यामुळे पाणी ओतले की गडप. सगळे खूश. आषाढात माती फुगली, भेगा मिटल्या आणि पाणी जिरेना. आमच्या घरी संडासाच्या भांड्यातून बुडबुडे येऊ लागले आणि चौथ्या दिवशी घाण न्हाणीत आली. वडिलांनी स्वतः कुदळ घेऊन पाइप फोडला आणि पाणी पुन्हा गटाराला काढून दिले. गावातल्या पन्नासेक घरांनी तेच केले. कागदावर आजही ते सगळे शोषखड्डे सुस्थितीत आहेत.

ओळंबा

रेगूर यांनी लाखातले बोलले. जमीन पाणी किती पिते हे न पाहता खड्डा घेणे म्हणजे पायाचे माप न घेता वहाण शिवणे. ही तपासणी कोणीही करू शकतो. जितका खोल शोषखड्डा घ्यायचा तितक्या खोलीवर वीतभर रुंदीचे भोक घ्या. बाजू खरवडा, तळाला बोटभर वाळू टाका, पाण्याने भरा आणि रात्रभर जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी ओता आणि काठीवर खूण करून घड्याळ लावा. पाणी एक इंच उतरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालतो. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी उथळ लांब चर घ्यावा, त्यात खडी आणि भोकाचा पाइप टाकावा. तासापेक्षा जास्त लागला तर जमिनीच्या नादी लागू नये, टाकीपुढे खडीच्या थरातून पाणी खालून वर चढवणारी गाळणी बांधावी. आणि हे भोक पावसाळ्यात घ्या. मे महिन्यात केलेली परीक्षा काळ्या मातीत खोटी ठरते.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे नदीकाठची गाळाची जमीन खाली आणि मुरमाड वर असणार. दोन्ही भागांत निदान चारचार ठिकाणी ही भोके घेऊनच इस्टिमेट करा.

नवीनवाचक

बाजारात टाकीत टाकायची पावडर मिळते, ती वापरली तर उपसण्याची गरजच राहत नाही असे विक्रेता सांगतो. हे खरे आहे का?

ओळंबा

नाही. गाळ कुजवणारे जंतू टाकीत आपोआप असतात आणि त्यांनी कुजवूनही जो गाळ उरतो तो काढावाच लागतो. त्या पैशात मधली भिंत आणि टी पाइप बसवा.

शॅननकाठ

मी कामानिमित्त आयर्लंडमध्ये असतो, म्हणून एक अनुभव. इथे खेड्यांतल्या टाक्यांवर नीट देखरेख नाही म्हणून युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये देशाला दोषी धरले. त्यानंतर २०१२ च्या कायद्याने टाक्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली, तेव्हा खेड्यांतून जोरदार विरोध झाला. तपासनीस म्हणजे दंड करणारा माणूस, अशीच भावना होती. दुरुस्तीचे अनुदान पुढे वाढत जाऊन २०२४ पासून १२,००० युरोपर्यंत गेले. तुमचा आकडा १२,००० रुपये आणि इथला १२,००० युरो हा योगायोग असला तरी एक फरक मनात राहतो : तो आकडा बांधायला होता, हा दुरुस्त करायला आहे. माझा सल्ला इतकाच की पहिली फेरी दंडाची भीती न घालता करा.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

ग्रामसभा काल झाली. इथल्या प्रत्येक प्रतिसादाचा उपयोग झाला, म्हणून काय ठरले ते सविस्तर लिहितो.

सभेआधी आम्ही आठ ठिकाणी भोके घेतली. वरच्या आळीत एक इंच पाणी नऊ ते चौदा मिनिटांत जिरले, खालच्या आळीत एका ठिकाणी पन्नास मिनिटे लागली आणि एका ठिकाणी दीड तासातही जिरले नाही. तसेच ओळंबा यांना मी फोनवर विचारले होते त्याप्रमाणे बांबूला पांढरा पंचा गुंडाळून अकरा घरांच्या टाक्यांत उभा सोडला आणि काही वेळाने सावकाश वर घेतला. गाळ जिथपर्यंत होता तिथपर्यंत पंचा काळाभोर झाला होता. सरपंचांच्या टाकीतला बांबू सर्वांसमोर धरला तेव्हा साडेपाच फुटांपैकी साडेचार फूट काळे होते. त्यांनी तिथेच सांगितले की पहिली टाकी माझी उपसा. त्यानंतर सभेचा सूरच बदलला.

उपसा गाडी घ्यायची नाही असे ठरले. आसपासच्या सहा गावांना पत्रे द्यायची, सर्वांच्या टाक्यांची यादी एकत्र करायची आणि शहरातल्या प्रक्रिया केंद्रात गाळ घ्यावा अशी मागणी जिल्हा परिषदेमार्फत करायची. तोवर खाजगी गाडीवाल्याशी ग्रामपंचायत दर ठरवेल, आणि गाळ कुठे ओतला याची पावती आणल्याशिवाय त्याला पैसे मिळणार नाहीत. पहाटपाळी यांचे वाक्य ठरावात जसेच्या तसे घेतले. ते वाचून दाखवल्यावर मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, जे पूर्वी हेच काम करायचे, उभे राहून हात जोडले.

शोषखड्ड्यांची सुरुवात जॅकवेलच्या वरच्या बाजूला ओढ्यालगत असलेल्या ४३ घरांपासून होईल. ही कल्पना चेसापीक यांच्या प्रतिसादातून सुचली. यातली १७ घरे खालच्या आळीत आहेत, तिथे खड्डा न घेता चर किंवा गाळणी करावी लागेल आणि खर्च वाढेल. हिशेबी यांच्या सूचनेनुसार मदत दोन टप्प्यांत आहे, आणि घरमालकाने खोदाई स्वतः करायची किंवा तिची मजुरी द्यायची. तरीही एका गोष्टीवर निर्णय झाला नाही. पाच घरांकडे खड्ड्याला जागाच नाही. त्यांचे पाणी एकत्र करून मंदिरामागच्या गायरानात सामाईक चर घ्यावा असा प्रस्ताव आहे, परंतु मंदिराच्या बाजूने विरोध झाला. उंबरठाताईंसारखे कोणी आमच्या गावात येऊन बोलले तर फार मदत होईल.

उंबरठा

येते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी जमेल. खत सोबत आणते.

रेगूर

दीड तासात पाणी जिरले नाही त्या ठिकाणाची नोंद इस्टिमेटला जोडा आणि तिथे उभ्या असलेल्या चार लोकांच्या सह्या घ्या. आमच्याकडे हे झाले असते तर त्या पन्नास घरांचे पाइप फुटले नसते.

ओळंबा

आणखी एक काम राहू नये. चर बुजवण्यापूर्वी प्रत्येक घराचा फोटो काढा. त्यात टाकीचा बाहेर जाणारा पाइप, टी आणि खडीचा थर दिसला पाहिजे, शेजारी टेप धरलेला असावा आणि घरमालक उभा असावा. वरून माती पडल्यावर आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. मापे लिहिण्यासाठी माझ्याकडे एक साधा तक्ता आहे, तो आज रात्री इथे टाकतो.